मागायला गेलो होतो ओमारूला

बसमधून उतरून मी माझी बॅग शोधत होतो, तेवढ्यात उंच काळी टोपी घातलेला एक माणूस हात पसरून माझ्याकडं यायला लागला. अंगात गुडघ्याखाली जाणारा काळा कोट, आत चकचकीत वेस्टकोट, त्याच्या खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी. मागच्या कुणाला तरी घ्यायला आला असेल म्हणून मी बाजूला सरकलो. तर तो माझ्याच पुढ्यात येऊन थांबला, टोपी काखेत मारली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला.

"ओळखलं नाहीस व्हय, दादा?"

माझा सख्खा भाऊ होता, धैर्यशील. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. सात वर्षांत भेट नव्हती. फोनच्या पडद्यावर दिसायचा तेवढाच.

"हे काय सोंग रे?"

"सोंग कसलं, नोकरीचा ड्रेस आहे माझा. आणि आज तर अख्खं गावच सोंगात आहे. बघ की जरा."

मी बघितलं. ओमारू हे न्यूझीलंडच्या दक्षिणेकडचं, समुद्राला लागून असलेलं लहान गाव. आमच्या गडहिंग्लजपेक्षाही लहान. पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा इमारती, की मुंबईतल्या फोर्टचा एखादा तुकडा उचलून आणावा, घासूनपुसून धुवावा आणि समुद्राकाठी वाळत ठेवावा. सायीसारखा पांढरा दगड. दगडाचे खांब, खांबांच्या माथ्यावर कोरलेली पानं, कमानीच्या खिडक्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बँका, हॉटेलं, धान्याची गोदामं. आणि त्यांच्यामधून त्याच काळातले कपडे घालून फिरणारी माणसं. पायघोळ झग्यातल्या बायका लेसच्या छत्र्या घेऊन चालल्या होत्या. एक मिशाळ म्हातारा पुढं पुरुषभर चाक आणि मागं ताटलीएवढं चाक असलेल्या सायकलवर बसून सगळ्यांना टोपी उंचावत होता. नोव्हेंबरमध्ये तिथं ही जत्राच भरते म्हणे.

मी दीड दिवसाचा प्रवास करून आलो होतो. डोकं गरगरत होतं. ज्या कामासाठी आलो होतो, ते काम असल्या वेषातल्या माणसाजवळ कसं काढायचं, तेच मला कळेना.

धैर्यशीलच्या शेजारी त्याची बायको उभी होती. फियोना. ती पुढं झाली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "डाडा!" मला दादा म्हणायचं हे त्यानं तिला शिकवलेलं दिसत होतं. मग तिनंच माझी मोठी बॅग उचलली आणि गाडीकडं चालायला लागली. धैर्यशील टोपी नीट करत तिच्या मागून निघाला.

"अरे, तू घे की बॅग," मी म्हणालो.

"राहू दे. तिला सवय आहे."

मला ते आवडलं नाही. आमच्या घरात बायकोनं बॅगा वाहायच्या आणि नवऱ्यानं टोपी सांभाळायची, असं कधी नव्हतं. पण आल्या आल्या काय बोलणार?

घर टेकडीवर होतं. लाकडी, हिरव्या पत्र्याचं. खिडकीतून खालचं पांढरं गाव आणि बंदर दिसायचं. घरात फियोनाची मुलगी होती, टेसा. फियोनाच्या पहिल्या लग्नातली. पंधरा वर्षांची, किडकिडीत, पण गाल गोल आणि फुगीर. मला बघून लाजली आणि "नमस्कार" म्हणाली. तोही शिकवलेलाच. जेवताना तिच्या मोबाईलचा गजर वाजला, तशी ती उठली आणि ओट्याजवळच्या डबीतून मूठभर गोळ्या घेऊन आली. हल्लीची मुलं जेवणापेक्षा व्हिटॅमिनवरच जास्त जगतात, असं माझ्या मनात आलं.

"आई कशी आहे?" धैर्यशीलनं विचारलं. माझ्याकडं न बघता, भात वाढता वाढता.

"आहे. तुला सांगायचंच आहे मला."

"उद्या बोलू निवांत. आज तू दमलायस."

फोनवरही तो असंच करायचा. आईचा विषय निघाला की रेंज जायची, कुणीतरी हाक मारायचं, गाडी चालवत असायचा. वर्षभर हेच चाललं होतं. म्हणून तर दुकान नोकरावर सोपवून मी इतक्या लांब आलो होतो. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे माझं. त्याआधी मी पुण्याच्या पलीकडं फारसा गेलोही नव्हतो.

सकाळी बायकोचा फोन आला. शर्मिलाचा.

"अहो, बोललात का?"

"नाही अजून."

"मग तिथं करताय काय?"

"बघतो आज."

त्या दिवशी धैर्यशीलचं काम होतं. काम म्हणजे, प्रवाशांचा घोळका घेऊन जुनं गाव दाखवत फिरायचं. तोच कोट, तीच टोपी. तो तिथं गेला होता ते दुधाच्या फार्मवर. आमच्याकडं म्हशी होत्या, कृषी डिप्लोमा होता, त्या जोरावर. फार्म का सोडलं, असं मी विचारलं तर "जमेना" म्हणाला. एवढंच.

मीही त्या घोळक्यातून फिरलो. तो पुढं, आम्ही वीसेक माणसं मागं. इंग्रजी फर्डं बोलत होता. मध्येच माझ्यासाठी मराठीत सांगायचा.

"दादा, हा दगड खाणीतून काढला की इतका मऊ असतो, की करवतीनं कापता येतो. वारा लागला की कडक होतो."

"बरं."

"आणि हे सगळं टिकलं कसं माहीत आहे? गावाचं दिवाळं निघालं. नवं बांधायला पैसा नाही, म्हणून जुनं कुणी पाडलंच नाही."

बाकीचे हसले, कारण हेच त्यानं आधी इंग्रजीत सांगितलं होतं. मला हसू येईना. एका बँकेच्या भल्यामोठ्या खांबांपाशी सगळे फोटो काढायला पांगले, तेव्हा मी त्याचा कोट धरला.

"धैर्या, दोन मिनिटं."

"दादा, लोक आहेत."

"लोक फोटो काढतायत."

"संध्याकाळी," तो म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवून एका म्हातारीला पायऱ्या उतरायला हात द्यायला धावला.

संध्याकाळी फियोना आम्हाला पेंग्विन बघायला घेऊन गेली. समुद्रातून वीतभर उंचीचे निळसर पेंग्विन रांगेनं बाहेर येतात, बघायला बाकं मांडलेली असतात, आणि आवाज करायचा नसतो. तासभर मी तोंड बंद करून बसलो. पेंग्विन आले, कातळ चढून गेले. माझा पाय सारखा हलत होता. टेसानं हळूच माझ्या गुडघ्याकडं बघितलं आणि तिला हसू आलं. मी पाय आवरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आता चहा झाला की बोलायचं. तर धैर्यशील पुन्हा कोट चढवून तयार. जत्रेचा शेवटचा दिवस होता, मिरवणूक होती.

"चल," मी म्हणालो, "मी येतो तुझ्याबरोबर बंदरापर्यंत."

"मला घाई आहे, दादा."

"मग चालता चालता बोलू."

फियोना सिंकपाशी उभी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण तिचे हात थांबले. तिनं धैर्यशीलकडं बघितलं आणि इंग्रजीत एवढंच म्हणाली, "जा तू. बोल त्यांच्याशी."

आम्ही खाली उतरलो. बंदरात एक जुना लाकडी धक्का आहे, मोडकळीला आलेला. त्यावर माणसांना जाऊ देत नाहीत. तो सगळा पाणकावळ्यांनी व्यापला होता, शेकड्यांनी, खांद्याला खांदा लावून बसलेले. वारा इतका होता, की धैर्यशीलनं टोपी हातात धरली होती. मागं गावात बँड वाजायला लागला होता.

"बोल," तो म्हणाला.

सहा महिने मी वाक्यं जुळवत होतो. त्यातलं एकही आठवलं नाही.

"आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आठवड्यातून तीनदा कोल्हापूरला नेतो. डायलिसिस. मागच्या आठवड्यात तिथंच तिचं बीपी पडलं, डोळे फिरवले तिनं. डॉक्टर म्हणतात, असं किती दिवस रेटणार? किडनी बसवली तर अजून पंधरा वर्षं जगेल. मी द्यायला गेलो, तर मला शुगर निघाली. माझी चालत नाही. मावशीचं वय झालंय. तू राहिलास. तुझा आणि तिचा रक्तगट एकच आहे."

तो धक्क्यावरच्या पाणकावळ्यांकडं बघत होता.

"आई म्हणाली होती, जातोस तर जा, पण त्याच्याकडं काही मागायचं नाही. मी तिचं ऐकत नाही. मी मागतोय. धैर्या, एक किडनी आईला दे. कामाचं, घराचं, सगळं मी बघतो. तू नुसता चल."

धैर्यशीलनं टोपी खाली दगडावर ठेवली. ती वाऱ्यानं घरंगळत निघाली, तर तिच्यावर पाय ठेवला. मग त्यानं कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. कोट झाला, वेस्टकोट झाला. त्या जुन्या पद्धतीच्या शर्टाला बारीक बारीक बटणं होती, आणि त्याची बोटं गारठली होती. एकेक बटण निघायला वेळ लागत होता. हा काय करतोय, मला कळेना. मला वाटलं, चिडून कपडे फेकतोय. मग त्यानं शर्ट वर धरला.

डाव्या कुशीला, बरगड्यांच्या खाली, तिरका लांब व्रण होता. अजून लालसर. त्याच्या एका टोकाला लिंबाएवढा फुगवटा आला होता.

"दिली मी," तो म्हणाला. "टेसाला."

बँड वाजतच होता.

"कधी?"

"तुझा पहिला फोन आला ना, आईच्या किडन्या गेल्या म्हणून? तेव्हा मी घरी नुकताच आलो होतो हॉस्पिटलमधून. टाकेसुद्धा ओले होते. टेसाची तब्येत फार गेली होती, दादा. फियोनाची जुळली नाही. पोरीचा बाप ऑस्ट्रेलियात आहे, तो आलाच नाही. मी तपासून घेतलं तर माझी जुळली. म्हटलं, आईला आत्ता सांगायला नको, काळजी करत बसेल. सगळं नीट झालं की गावी येऊन सांगू. आणि मग तुझा फोन आला." त्यानं शर्ट खाली सोडला. "मी काय बोलणार होतो तुला?"

"आणि हे काय?" मी त्या फुगवट्याच्या जागेकडं बोट केलं.

"हर्निया झालाय टाक्यांच्या जागी. जड उचलायचं नाही. फार्म त्यामुळंच सुटलं."

मला त्या क्षणी त्याची दया यायला हवी होती. आली नाही. माझ्या डोळ्यांसमोर आई होती, सुया टोचून काळानिळा पडलेला तिचा हात होता.

"परक्या पोरीला दिलीस," मी म्हणालो. "जिला आपल्या आईचं नावसुद्धा माहीत नाही."

"परकी?"

"नाहीतर कोण? तुला बाप तरी म्हणते का ती?"

"नाही म्हणत. शील म्हणते." तो बटणं लावत होता आणि ती चुकीच्या काजात जात होती. "मला आधी माहीत असतं, तर मी काय केलं असतं, ते मला विचारू नकोस, दादा. मी रोज स्वतःला विचारतो."

मी तिथून निघालो. तो मागून हाक मारत होता, मी थांबलो नाही. गावात शिरलो तर मिरवणूक सुरू झालेली. घोड्यांच्या गाड्या, झगे, टोप्या, हसणारी माणसं. एका बाईनं मला थांबवून कोटाला कागदाचं फूल लावलं. मी गर्दीतून वाट काढत एका गल्लीत घुसलो, तिथून दुसऱ्या. सगळीकडं तोच पांढरा दगड, त्याच कमानी. पुन्हा फिरून त्याच बँकेपाशी आलो. पुन्हा निघालो, पुन्हा तिथंच. शेवटी तिच्या पायऱ्यांवर बसलो. आईला काय सांगायचं? शर्मिलाला काय सांगायचं? परतीचं विमान आज मिळेल का?

मिरवणूक पुढं गेली आणि रस्ता मोकळा झाला, तेव्हा टेसा सायकलवरून आली. मला शोधतच आली होती. सायकल खांबाला टेकवली आणि माझ्यापासून दोन पायऱ्या खाली बसली. माझं इंग्रजी तोडकं आहे हे तिला कळलं होतं, म्हणून ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती.

"शील घरी आला. काही बोलत नाही. आई रडतेय. माझ्यामुळं काही झालं का?"

"नाही."

"त्याची आई आजारी आहे ना? तो मला म्हणतो, बीपी आहे. म्हातारपण आहे. खरं काय आहे?"

मी तिच्याकडं नीट बघितलं. पहिल्यांदाच. फुगीर गाल, ते औषधांमुळं असणार. मनगटापाशी हातावर फुगलेली जाड शीर होती. तशीच आईच्या हाताला होती. डायलिसिसच्या सुयांसाठी मुद्दाम करून घ्यावी लागते ती. ही पोरही आईसारखीच डायलिसिसच्या खुर्चीत बसून आली होती. आणि तिला काहीच माहीत नव्हतं. धैर्यशीलनं तिच्यापासूनही लपवलं होतं. एक वाक्य मी बोललो असतो, तर तिला जन्मभर पुरलं असतं. आणि खरं सांगतो, ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

"मी आजारी होते तेव्हा सगळे मला खोटं सांगायचे," ती म्हणाली. "म्हणून मला ओळखता येतं."

"बीपीच आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. आणि ती फार बडबड करते. बीपी वाढणारच."

टेसा माझ्या डोळ्यांत बघत राहिली. मी नजर हलवली नाही. कशी हलवली नाही, देवाला ठाऊक. मग ती हसली.

"शीलपण फार बडबड करतो," ती म्हणाली.

"लहानपणापासून. आम्ही त्याला खोलीत कोंडून ठेवायचो."

"खरंच?"

"खरंच. आतून भिंतीशी बोलायचा."

ती खळखळून हसली. मी उठलो. तिची सायकल मी हातात धरली आणि आम्ही दोघं टेकडी चढायला लागलो. चढ बराच होता. अर्ध्यावर मला धाप लागली, तिला लागली नाही. ती पुढं पळत गेली, वळली आणि वरून मला हात करायला लागली.

धैर्यशील अंगणातल्या पायरीवर बसला होता. कोट काढलेला, शर्टाची बटणं अजून वरखाली. मी त्याच्यासमोर बसून ती सगळी सोडली आणि नीट लावून दिली. लहानपणी शाळेत जाताना लावायचो, तशी. तो ओठ चावत होता.

"आईला काय सांगणार?" त्यानं विचारलं.

"बघतो."

"मी सांगू फोनवर?"

"फोनवर नको."

पुढचं आधी सांगून टाकतो. आई त्यानंतर दोन वर्षं होती, डायलिसिसवरच. मधल्या उन्हाळ्यात ती तिघं गडहिंग्लजला येऊन महिनाभर राहून गेली. तेव्हा आई टेसासमोर हात पदरात झाकून ठेवायची, आणि कोल्हापूरला जाताना आम्ही 'बीपी दाखवायला' म्हणून सांगायचो. टेसाला खरं सांगितलं ते फियोनानं, पुष्कळ पुढं, आई गेल्यावर. त्या पोरीनं मला फोन केला आणि "तुम्ही चांगलं खोटं बोलता" एवढंच म्हणाली.

पण मी ओमारूहून परत आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. कोल्हापूरच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये आई खुर्चीत टेकून पडली होती. हाताला नळ्या लावल्या होत्या, शेजारी मशीन फिरत होतं. मी स्टूल ओढून बसलो. तिनं डोळे न उघडताच विचारलं,

"मागितलंस न्हवं त्याच्याकडं?"

"मागितलं."

"मी नको म्हटलं हुतं."

मग मी तिला सगळं सांगितलं. बंदर, व्रण, हर्निया, टेसा. काही ठेवलं नाही. नर्स येऊन मशीनवरचे आकडे बघून गेली. आईचे डोळे मिटलेलेच होते. झोप लागली की काय, असं मला वाटलं. की ऐकून तोंड फिरवलंय? सांगितलं ते चुकलं का? मी उठून पाणी प्यावं म्हणून बाटलीला हात घातला आणि तसाच मागं घेतला. तिच्यासमोर आम्ही कुणी पाणी पीत नव्हतो. किडन्या गेल्यापासून तिला दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, सकाळी एका तांब्यात भरून ठेवलेलं. तेवढ्यात गोळ्याही घ्यायच्या आणि चहाही भागवायचा. उन्हाळ्यात ती नुसता ओला फडका ओठांना लावून बसायची.

"केवढी हाय पोरगी?" आईनं विचारलं.

"पंधरा वर्षांची."

"तिला बी ह्या सुया लावत हुते?"

"हो."

आईनं डोळे उघडले. वरच्या पंख्याकडं बघत राहिली.

"मग आता पाणी पिती का ती? पोटभर?"

मला माहीत नव्हतं. तीन दिवस त्या घरात राहून मी ते बघितलं नव्हतं. मी तिथूनच धैर्यशीलला फोन लावला. तिकडं रात्र झाली होती, पण पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. मी काही न बोलता फोन आईच्या कानाला लावला. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता.

"धैर्या," ती म्हणाली, "पोरीला दे जरा फोन."